उसवायचं कसं: टीप जावी, कापड राहावं

शिवणक्लासच्या पहिल्या महिन्यात मी जेवढं शिवलं त्याहून जास्त उसवलं. झबलं उसवलं, परकराचा नेफा उसवला, बाही उलटी लागली म्हणून ती उसवली. पण उसवायचं कसं, हे कोणी वेगळं शिकवलं नाही. बाई नुसतं म्हणायच्या, "उसव आणि परत घाल." मग मी घरातली मोठी कात्री घ्यायचे, दोन्ही कापडं दोन हातांत धरून टराटरा ओढायचे आणि अडेल तिथे कात्रीचं टोक खुपसायचे. सुती कापड होतं तोवर खपलं. वहिनीचा रेशमी ब्लाउज सैल करायला घेतला त्या रात्री मात्र नाही खपलं. लग्न दोन दिवसांवर आलेलं, उजेड ट्यूबलाइटचा, गडद जांभळ्या कापडावर तसाच जांभळा दोरा. बाहीच्या काठापासून बोटभर वर कात्रीनं चीर पडली. तिचं पुढे काय केलं ते शेवटी सांगते.

त्या रात्रीपासून एक नियम पाळते. कापायचा तो दोरा आणि ओढायचा तोही दोराच. कापडाला ताण द्यायचा नाही. दोऱ्याचं रीळ कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, वहिनीच्या ब्लाउजचं कापड मिळत नाही.

हातात काय घ्यायचं

सीम रिपर घ्या. शिवणाचं सामान मिळतं त्या कुठल्याही दुकानात असतो, पुण्यात रविवार पेठेत किंवा मुंबईत भुलेश्वरला तर ढिगानं. पेनाएवढी दांडी, पुढे बेचकं. बेचक्याचं एक टोक लांब आणि अणकुचीदार, दुसरं आखूड, त्यावर बहुतेक वेळा लाल प्लॅस्टिकची गोळी. धार टोकाला नसते, बेचक्याच्या खोलगट भागात असते. टोकानं दोरा उचलायचा आणि पुढे सरकवून बेचक्यात आणायचा, की तो कापला जातो. नवशिक्यांचं इथेच चुकतं. ते टोकानंच खुरडत बसतात, दोरा तुटत नाही, मग जोर लावतात आणि टोक घसरून कापडात जातं.

रिपरची धार जाते. तिला धार लावायच्या भानगडीत पडू नका, सरळ नवा घ्या. दोरा बेचक्यात येऊनही तुटत नसेल, नुसता ताणला जात असेल, तर रिपर बोथट झालाय. बोथट हत्याराला जोर जास्त लावावा लागतो, आणि जोर लावला की हात सुटतोच.

रिपरच्या जोडीला बारीक टोकाची लहान कात्री, एखादा चिमटा आणि टाचण्या असाव्यात. कापडावरचे दोऱ्याचे तुकडे काढायला चिकटपट्टी लागते.

आता ब्लेडविषयी. टेलर मंडळी दाढीचं अर्धं ब्लेड दोन बोटांत धरतात, शिवण ताणतात आणि ब्लेड नुसतं टेकवत जातात. शिवण हां-हां म्हणता उघडते. बघायला फार सोपं वाटतं. पण त्या हाताला वीस वर्षांची सवय असते. दोन कापडांमध्ये उघडी धार फिरवताना ती दोऱ्यापाशी थांबायला हवी हे बोटांना कळलं पाहिजे. पहिलं वर्षभर तरी ब्लेडला हात लावू नका. आणि कितीही मोठे कारागीर झालात तरी ते ओठांत धरू नका.

आधी टीप ओळखा

हत्यार लावण्याआधी कापड उलटसुलट करून बघा. अर्धा मिनिट लागतो, पण कुठला दोरा कापायचा आणि कुठला ओढायचा हे इथेच ठरतं.

घरच्या मशीनची टीप दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. वर सुईचा दोरा, खाली बॉबीनचा, म्हणजे मशीनच्या आत बसणाऱ्या छोट्या रिळाचा, आणि दोघांची गाठ कापडाच्या मधोमध. फ्रान्समधल्या तिमोनिए नावाच्या शिंप्यानं 1830 मध्ये ज्या मशीनचं पेटंट घेतलं ते एका दोऱ्याची साखळी घालायचं. दोरा एका ठिकाणी तुटला की साखळी सुटत जायची. अमेरिकेत इलायस होवनं 1846 मध्ये पेटंट घेतलेल्या मशीनमध्ये दुसरा दोरा आला, आणि आपण आज वापरतो ती टीप त्याच जातीची आहे. एके ठिकाणी दोरा तुटला तरी बाकीची टीप जागच्या जागी राहते. शिवताना हा फायदा असतो, उसवताना तोच त्रास. एक टोक ओढलं म्हणून सगळी टीप सुटत नाही. मात्र एका बाजूचा दोरा ठरावीक अंतरावर कापला, तर दुसऱ्या बाजूच्या दोऱ्याला धरायला काहीच उरत नाही आणि तो सलग निघून येतो. उसवण्याची सगळी युक्ती एवढीच.

एका बाजूनं साधी टीप आणि दुसऱ्या बाजूनं वेणीसारखी साखळी दिसली, तर ती चेन स्टिच. तांदळाच्या गोणीचं तोंड असंच शिवलेलं असतं, पुष्कळ जीन्सची खालची मुडपही. गोणी उघडताना कधी सुर्रकन दोरा निघतो, तर कधी सगळा गुंता होतो. साखळी जिथे संपली त्या टोकाकडूनच ती सुटते. सुरुवातीच्या टोकाकडून कितीही ओढलं तरी घट्टच होते. एका टोकानं जमलं नाही तर झटापट न करता दुसरं टोक बघा.

कडेला दोऱ्यांचं जाळं दिसलं तर ते ओव्हरलॉक. आपल्याकडे त्यालाच सर्रास इंटरलॉक म्हणतात. त्याचं पुढे बघू.

ब्लाउज सैल करताना

घरात सगळ्यात जास्त उसवलं जातं ते ब्लाउज, म्हणून तोच घेऊ. हे जमलं की पँट, कुर्ता, उशीचा अभ्रा सगळं जमतं.

ब्लाउज उलटा करा आणि काखेपाशी आत किती माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं जादा कापड, आहे ते बघा. चांगला टेलर एक-दीड इंच माया ठेवतो आणि त्यात पाव-पाव इंचावर दोन-तीन टिपा घालून देतो. असं असेल तर काम अर्धं झालंच. सगळ्यात आतली, म्हणजे अंगाच्या बाजूची टीप उसवली की तिच्या बाहेरची आपोआप कामाला लागते.

किती सैल होईल याचा हिशोब आधी मांडा, कारण इथे पुष्कळ जणींची फसगत होते. शिवण पाव इंच बाहेर गेली की पुढच्या भागाला पाव आणि मागच्या भागाला पाव, म्हणजे एका बाजूला अर्धा इंच वाढतो. दोन्ही बाजू मिळून घेर पूर्ण एक इंचानं वाढतो. त्यामुळे दोन टिपा एकदम काढायच्या आधी एक काढा, घालून बघा.

बाहेरची टीप आधीच नसेल तर आधी उसवू नका. हे वाक्य दोनदा वाचा. जुनी टीप तशीच ठेवून मायेत खडूनं रेघ मारा, तिच्यावर नवीन टीप घाला आणि मग जुनी उसवा. दोन्ही थर धरलेलेच राहतात, काखेतला जोड हलत नाही, बाहीची शिवण आणि बगलेची शिवण एकमेकींना चुकत नाहीत. उलटं केलंत, म्हणजे आधी उसवलंत, तर चार सुटे पदर परत जुळवत बसावं लागतं. फक्त माया दोन्हीकडे उघडून दाबलेली असेल किंवा अस्तर वेगळं लावलेलं असेल, तेव्हा ही युक्ती चालत नाही. मग उसवण्याआधी दोन्ही भागांवर समोरासमोर खडूच्या खुणा करून घ्या.

आणि ब्लाउज घट्ट करायचा असेल तर उसवायचंच कशाला? आत नवी टीप घाला, जुनी राहू द्या. पुढच्या दिवाळीत उपयोगी पडेल.

आता प्रत्यक्ष उसवणं. शक्यतो दिवसा, खिडकीपाशी बसा. कापडाचा आणि दोऱ्याचा रंग एकच असेल तर टिपेवरून पांढऱ्या खडूचा हलका हात फिरवा, म्हणजे उंचावलेले टाके दिसू लागतात. रेशमावर मात्र खडू घासू नका, तिथे मोबाइलचा टॉर्च कापडाला जवळजवळ समांतर धरा. आडव्या उजेडात प्रत्येक टाक्याची सावली पडते.

पहिलं काम टिपेच्या दोन्ही टोकांचं. सुरुवातीला आणि शेवटी मशीन मागेपुढे करून टीप पक्की केलेली असते, तिथे एकावर एक टाके बसलेले असतात. ती टोकं सोडवल्याशिवाय मधली टीप ओढली तर ताण सगळा टोकावर येतो आणि नेमकं तिथलंच कापड फाटतं. इथे प्रत्येक टाका वेगळा उचलून कापावा लागतो. वेळ लागतो, लागू दे.

मग मधली टीप. रिपरचं टोक टाक्याखाली कापडाला समांतर घाला, खाली रोखून नाही. दोरा उचला, पुढे ढकला, कट्. चार टाके सोडून पुढचा. तो कापा, परत चार सोडा. मशीनवर टाक्याची लांबी साधारण अडीच मिलिमीटर असते, म्हणजे इंचाला दहाएक टाके. बाहीपासून कमरेपर्यंत पंधरा इंचाची टीप धरली तर दीडशे टाके. सगळे कापायचे नाहीत, पाचातला एक कापायचा. तीसेक वेळा कट् केलं की झालं. मी मोजून बघितलंय, पाच मिनिटंही लागत नाहीत. टराटरा ओढून, अडकून, परत ओढून यापेक्षा जास्तच लागतात.

आता कापड पालटा. दुसऱ्या बाजूचा दोरा अख्खा आहे. त्याचं टोक चिमट्यानं पकडून कापडालगत, टिपेच्याच दिशेनं ओढा, वर खेचू नका. सुर्रकन निघेल. मध्ये अडला तर थांबा. तिथे कापायचा राहिलेला टाका असणार, तो शोधून कापा आणि पुढे चला.

कुठला दोरा कापायचा आणि कुठला ओढायचा? काही टिपांमध्ये मशीनचा ताण बिघडलेला असतो आणि एका बाजूचा दोरा तारेसारखा सरळ पडलेला दिसतो. तो ओढायचा, दुसरा कापायचा. दोन्ही सारखे असतील तर ज्या बाजूचं कापड कमी मोलाचं त्या बाजूनं कापा. अस्तराच्या ब्लाउजला अस्तराकडून, साडीला फॉलकडून. हात घसरलाच तर नुकसान स्वस्तात व्हावं.

शेवटी दोन्ही पदर अलगद उघडा आणि अडकलेले दोऱ्याचे तुकडे चिकटपट्टीनं टिपून घ्या. हे आळसानं सोडलं तर नवीन टिपेत ते तुकडे अडकतात आणि सुलट बाजूला केस चिकटल्यासारखे डोकावतात.

लाल गोळी कशासाठी असते

कित्येक जणी ती गोळी शोभेची समजतात. लांब, सरळ शिवण पटकन उघडायची असेल तेव्हा तिचा उपयोग. आधी इंचभर टाके नेहमीसारखे कापून शिवण उघडा. मग दोन पदरांच्या मधे रिपर असा घाला की गोळी खालच्या कापडाला टेकेल आणि अणकुचीदार टोक वर, मोकळ्या जागेत राहील. दोन्ही पदर बेताचे ताणून रिपर पुढे सरकवा. टाके एकामागून एक बेचक्यात येऊन तुटतात, आणि गोळी कापडात रुतत नाही, घसरत पुढे जाते.

हे चादर, पडदा, पिशवी, जाड सुती कापड, डेनिम यांच्यासाठी. रेशीम, शिफॉन, जॉर्जेट, जुनी विरलेली साडी यांना ही घाई चालत नाही. तिथे पाचातला एकच बरा.

बाकीचे प्रकार

ओव्हरलॉकच्या जाळ्यात सुईचे दोरे आतल्या बाजूनं सरळ रेषेत गेलेले असतात, एक किंवा दोन. ते हेरून ठिकठिकाणी कापा आणि ओढून काढा. कडेचे कुरळे दोरे मग आपोआप लांबच्या लांब सुटून येतात. कडेवरून रिपर फिरवून जाळंच कापलं तरी उसवतं, पण शेकडो बारीक तुकडे होतात आणि पुढचे दोन दिवस ते घरभर पायांना चिकटतात.

फॉल. न भिजवता लावलेला सुती फॉल पहिल्या धुण्यात आटतो आणि साडीच्या कडेला चुण्या पडतात. तो काढताना साडी टेबलावर सपाट पसरा, मांडीवर नको. हातशिलाईच्या बारीक टाक्यांनी साडीचा एक-एक धागाच उचलून घेतलेला असतो, म्हणून फॉलच्या बाजूनं, लहान कात्रीनं, प्रत्येक टाका कापा. जरीच्या काठाशी तर श्वास रोखूनच. जर एकदा ओढली गेली की तिची सुटलेली तार परत बसत नाही.

टी-शर्टसारख्या विणलेल्या कापडाला रिपर लावूच नका. एक फासा तुटला की खाली शिडी पडत जाते. लहान कात्रीचं बोथट टोक कापडाकडे ठेवून काम करा.

काजं कापायलाही रिपर वापरतात, आणि तिथे एक अपघात हमखास होतो. जोर लावला की रिपर काजाचं शेवटचं टोक ओलांडून पुढे पळतो. काजाच्या टोकाशी आतून आडवी टाचणी लावा, रिपर तिच्यावर आपटून थांबतो.

शाळेच्या गणवेशाची मुडप उसवून लांबी वाढवणं हा दर जूनचा कार्यक्रम. वाढत्या अंगाचा शिवलेला असतो म्हणून कापड पुरतं. अडचण जुन्या घडीच्या रेषेची. ती रेष दाबाची असेल तर पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून ओला केलेला कपडा वर ठेवून इस्त्री करा, पुष्कळशी जाते. आधी आतल्या कोपऱ्यावर करून रंग उतरत नाही ना ते बघा. पण वर्षभराच्या उन्हानं आणि धुण्यानं बाहेरचं कापड विटलं असेल आणि आतलं कोरं राहिलं असेल, तर ती रेष कशानंच जात नाही. तिच्यावरून एक फीत लावून टाका.

सुईची भोकंही अशीच. सुती कापडावर पाण्याचा हात फिरवून नखानं उभं-आडवं घासलं आणि वाफेची इस्त्री दिली की धागे परत सरकतात, भोकं बुजतात. सॅटिन आणि घट्ट विणीच्या रेशमावर खूण राहू शकते. लेदर, रेक्झिनवर ती कायमचीच, तिथे उसवून परत शिवायचं म्हटलं तर जुन्याच भोकांतून सुई घाला. ब्लाउज सैल करताना जुनी टीप आता अंगावर येणार असते, म्हणून रेशमाला हात लावण्याआधी मायेतले दोनच टाके काढून भोकं दिसतात का ते बघा.

बोटं सांभाळा

रिपर नेहमी अंगापासून दूर ढकला. दुसऱ्या हाताचं बोट टिपेच्या पुढ्यात, रिपरच्या वाटेत ठेवायचं नाही. बोलायला साधं वाटतं, पण कापड ताणायच्या नादात बोट तिथेच जातं. मांडीवर ठेवून उसवायची सवय मीही मोडली आहे, टोक सलवारीतून आत गेल्यावर. काम थांबलं की रिपरला टोपण, लगेच. पलंगावर किंवा सोफ्यावर तो सोडायचा नाही, विशेषतः घरात रांगतं मूल असेल तर. गंजक्या टोकानं खोल लागलं तर जखम धुऊन डॉक्टरांकडे जा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं का ते विचारा.

मशीनवर कापड अडकून खाली दोऱ्यांचा गुंता झाला तर तेही एक उसवणंच आहे. विजेचं मशीन असेल तर आधी बटण बंद. सुई हातानं चाक फिरवून वर घ्या, कापड दाबणारी पट्टी उचला. कापड ओढू नका, सुई वाकते नाहीतर मोडते. कापड जरा वर उचलून, कापड आणि मशीनची पत्री यांच्या फटीत लहान कात्री घालून दोरे कापा, बॉबीन काढा, मग गुंता निघतो.

कापड कापलं गेलंच तर

थांबा. पहिली इच्छा होते ती कापड ओढून किती फाटलंय ते बघायची, आणि त्यातच चीर वाढते. सपाट ठेवा, सुटलेले धागे कात्रीनं छाटू नका. चीर मायेत असेल तर काळजीच नाही, नवीन टीप तिच्या आतून जाणार असेल तर ती कोणाला दिसणारही नाही. दर्शनी भागात असेल तर मागून फ्यूजिंगचा, म्हणजे इस्त्रीनं चिकटणाऱ्या अस्तराचा, लहान तुकडा ठेवून हलक्या इस्त्रीनं चिकटवा, धागे बोटांनी शेजारी-शेजारी आणून. भारी कापड असेल तर रफूवाल्याकडे न्या, आणि जाताना मायेतून काढलेले त्याच कापडाचे चार धागे बरोबर घ्या. रफू त्याच धाग्यांनी झाला तर शोधून सापडत नाही.

वहिनीच्या ब्लाउजला रफूला द्यायला वेळ नव्हता. बाईंकडे गेले. त्यांनी ब्लाउज उलटा केला, टीप बघितली आणि विचारलं, "आतून कापायचं सोडून वरून का गेलीस?" मला उत्तर देता आलं नाही. मग त्यांनी ब्लाउजपीसच्या उरलेल्या तुकड्यातला जरीचा काठ काढायला लावला. चिरीखाली फ्यूजिंग लावून दोन्ही बाह्यांवर, बोटभर वर, त्या काठाची पट्टी बसवली. लग्नात दोघी-तिघींनी विचारलं की ही फॅशन कुठून काढली. वहिनी कौतुकानं माझ्याकडे बोट दाखवत होती, आणि मी पंगतीत मठ्ठा वाढायला निघून गेले.